वीज गेली तर : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

भिवंडी व शहापूर तालुक्यांतील कित्येक शाळांच्या पटांगणातून उंच पोलादी मनोऱ्यांची एक रांग पश्चिमेकडे जाताना दिसते. मनोऱ्यांवरील जाड तारा शेतांवरून, ओढ्यांवरून व पाड्यांच्या छपरांवरून पुढे सरकत जातात आणि क्षितिजावर दिसेनाशा होतात. मुले या तारा रोज पाहतात. पण त्या कोठून आल्या, कोठे गेल्या आणि त्यांतून काय वाहते, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. त्याच तालुक्यांतून तानसा, वैतरणा व भातसा यांचे पाणीही मुंबईकडे जाते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील लक्षावधी माणसांची सकाळ या तारांवर व या पाण्यावर अवलंबून असते. शाळेच्या अंगणातून दिसणारी वस्तू धरून दूरच्या नगराचे जीवन समजावून देण्याची ही उत्तम संधी आहे.

प्रस्तुत पाठ इयत्ता चौथी व पाचवीच्या परिसर-अभ्यासासाठी योजिला आहे. वरच्या वर्गांस तो भूगोल व सामान्य विज्ञान या विषयांशी जोडून घेता येईल. पाठास दोन तासिका पुरतात. उपयोजनाच्या कामास मात्र आठवडाभराची सवड द्यावी.

पाठाचा हेतू

विजेचे उपयोग पाठ करून घेणे हा या पाठाचा हेतू नव्हे. दिवा, पंखा, दूरदर्शन संच अशी यादी मुलांस आधीच येते. एका वस्तूवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी समाजाची घडण कशी झाली आहे, आणि त्या साखळीचा पहिला दुवा दीर्घकाळ निखळला तर माणसे कशाच्या आधाराने तग धरतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावे, हा खरा हेतू आहे.

पूर्वज्ञान व प्रस्तावना

वर्गात प्रारंभी पुढील प्रश्न विचारावेत : गावात वीज गेली तर प्रथम काय थांबते? पिठाची गिरणी थांबल्यास घरी काय करतात? नळाला पाणी कोण आणते? टाकी कोण भरते? वीज दोन तास गेली, तर काय होते? दोन दिवस गेली, तर? या शेवटच्या प्रश्नापाशी वर्ग थोडा थांबतो. तेथेच शिक्षकांनी विषयाचे नाव फळ्यावर लिहावे.

वीज उपनगरांत येते कशी

मुंबईस मोठ्या प्रमाणावर वीज मिळू लागली ती सह्याद्रीच्या पाण्यापासून. खोपोली येथील टाटांचे जलविद्युत् केंद्र १९१५ साली सुरू झाले. त्यानंतर भिवपुरी व भिरा येथील केंद्रे उभी राहिली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली आणि १९२८ च्या जानेवारीत पश्चिमेकडील मार्गावर विजेच्या गाड्या बोरिवलीपर्यंत जाऊ लागल्या. अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही त्या काळी भातखाचरांची व वाड्यांची गावे होती. विजेची गाडी आली म्हणून तेथे वस्ती वाढली आणि वस्ती वाढली म्हणून आणखी वीज लागली. आजची उपनगरे ही एका अर्थाने विजेनेच वसविलेली नगरे होत.

पुढे तुर्भे येथे औष्णिक केंद्र झाले आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात डहाणू येथे ५०० मेगावॅट क्षमतेचे केंद्र उपनगरांसाठी उभे राहिले. तरीही उन्हाळ्यात मुंबईची मागणी ४००० मेगावॅटच्या आसपास जाते, तेव्हा ही जवळची केंद्रे तिचा निम्मा भागही पुरा करू शकत नाहीत. उरलेली वीज दूरच्या केंद्रांतून उच्च दाबाच्या वाहिन्यांनी पडघे, कळवा, खारघर अशा उपकेंद्रांपर्यंत येते व तेथून शहरात शिरते. उपनगरांतील घराघरांत ती पोचविणाऱ्या संस्थाही निरनिराळ्या आहेत. अंधेरी-बोरिवलीकडे एक, तर मुलुंडकडे दुसरी. देयकावरील नाव वेगळे असले, तरी मागचे जाळे एकच असते.

शिक्षकांनी फळ्यावर महाराष्ट्राचा साधा नकाशा काढून कोयना, खोपोली, डहाणू, पडघे, कळवा, खारघर व मुंबई ही स्थळे दाखवावीत. नकाशात मुंबईकडे जाणाऱ्या वाटा किती थोड्या आहेत, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावे.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई या शहरांचा वीजपुरवठा जवळजवळ एकाच वेळी बंद पडला. त्या दिवशी राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितल्याप्रमाणे, कळवा व पडघे यांमधील ४०० किलोव्होल्टच्या व्यवस्थेचा एक मार्ग दुरुस्तीसाठी बंद होता. सारा भार दुसऱ्या मार्गावर होता आणि त्यातही बिघाड झाला. असा प्रसंग आलाच तर मुंबईचे जाळे बाहेरच्या जाळ्यापासून तोडून, जवळच्या केंद्रांच्या बळावर बेटाप्रमाणे स्वतंत्रपणे चालवावयाचे, अशी योजना अनेक वर्षांपूर्वीच आखलेली होती व पूर्वी ती उपयोगीही पडली होती. त्या दिवशी मात्र हे बेट टिकू शकले नाही.

लोकल गाड्या जेथे होत्या तेथे थांबल्या. करोनाच्या साथीमुळे त्या वेळी केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठीच गाड्या सुरू होत्या. परिचारिका, सफाई कामगार, पालिकेचे नोकर असे लोक रुळांवर उतरून चालू लागले. शाळा बंद होत्या व वर्ग मोबाइलवर भरत होते. ते बंद पडले. मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षांतही खंड पडला. मुलुंडमधील एका खाजगी रुग्णालयात जनित्रास आग लागली आणि तेथील रुग्णांस अन्यत्र हलवावे लागले. महापालिकेने रुग्णालयांस निदान आठ तास पुरेल इतके डिझेल जवळ ठेवण्याची सूचना दिली. विमानतळाचे व शेअरबाजाराचे काम मात्र स्वतःच्या पर्यायी व्यवस्थेवर चालू राहिले. गाड्या दोन-अडीच तासांनी धावू लागल्या. उपनगरांच्या काही भागांत घरांतील दिवे लागण्यास सायंकाळ झाली.

या घटनेमागे परदेशातून झालेला संगणकीय हल्ला असावा, असाही संशय पुढे व्यक्त झाला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये तो फेटाळून मानवी चुकीकडे बोट दाखविले. विद्यार्थ्यांस सांगताना संशय व निश्चित माहिती यांत शिक्षकांनी स्पष्ट फरक करावा. पाठास आवश्यक असलेली गोष्ट एवढीच की, वाटा थोड्या होत्या, त्यांतील काही बंद होत्या व उरलेल्यांस भार पेलला नाही. २०२३ साली खारघर ते विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची नवी वाहिनी सुरू झाली. तीमुळे मुंबईस वीज आणण्याची आणखी एक वाट मिळाली आहे.

जाळे एकदम का कोसळते : दोन प्रयोग

पहिला प्रयोग. पाठ्यपुस्तकांनी भरलेल्या एका पोत्यास चार दोर बांधावेत आणि चार विद्यार्थ्यांनी ते धरून पोते जमिनीपासून वीतभर उचलावे. एकाने दोर सोडावा. उरलेल्या तिघांच्या हातांस लगेच ओढ बसते. दुसऱ्याने सोडावा. मग तिसऱ्यास सोडण्यास सांगावेच लागत नाही. त्याच्या हातून दोर आपोआप सुटतो. वीजवाहिन्यांचेही असेच होते. एक वाहिनी बंद पडली की तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर जातो. तो सहन होण्याजोगा नसेल, तर तारा वितळू नयेत म्हणून स्वयंचलित यंत्रणा त्या वाहिनीस जाळ्यापासून तोडते. यंत्रे वाचतात, पण शहर अंधारात जाते.

दुसरा प्रयोग. डायनामो बसविलेली सायकल मिळाल्यास ती उलटी ठेवून एका विद्यार्थ्याने पायंडल फिरवावे. दिवा जोडलेला नसता चाक हलके फिरते. दिवा जोडताच हातास जोर लागतो. वीज मोठ्या प्रमाणात कोठारात भरून ठेवणे अद्यापि कठीण आहे. ज्या क्षणी ती वापरली जाते, त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते. आपल्या देशात जनित्रांची गती अशी राखतात की विजेची वारंवारता सेकंदास ५० आवर्तने इतकी राहावी. मागणी एकदम वाढली किंवा पुरवठा एकदम तुटला, तर ही गती ढळते. ती फार ढळल्यास जनित्रेही स्वतःस जाळ्यापासून अलग करून घेतात.

बंद पडलेले मोठे औष्णिक केंद्र पुन्हा सुरू करण्यासाठी त्याचे पंप, पंखे व कोळशाची चक्की चालवावी लागते आणि त्यासाठीही वीजच लागते. जलविद्युत् केंद्र मात्र थोड्याशा साहाय्याने पाण्याच्या बळावर सुरू करता येते. म्हणून जाळे पुन्हा उभारताना प्रथम जलविद्युत् केंद्रे, मग त्यांच्या आधाराने मोठी केंद्रे, असा क्रम राखावा लागतो. कळ दाबून शहर पुन्हा उजळता येत नाही.

तास, दिवस व आठवडा

१२ ऑक्टोबरचा खंड काही तासांचा होता. तो काही दिवसांचा झाला असता, तर? शिक्षकांनी फळ्यावर तीन रकाने आखून ते विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावेत.

पहिल्या काही तासांत गाड्या, मेट्रो, लिफ्ट व रस्त्यांवरील सिग्नल बंद पडतील. चौदाव्या मजल्यावर राहणारी वृद्ध बाई खाली येऊ शकणार नाही. आली, तर वर जाऊ शकणार नाही. घरी यंत्राच्या साहाय्याने प्राणवायू घेणाऱ्या रुग्णास तर वाट पाहण्यास फारसा अवधीच नसतो.

पहिला दिवस मावळेपर्यंत मोबाइल निकामी होऊ लागतील. कारण मनोऱ्यांवरील बॅटऱ्या काही तासच पुरतात व पुढे त्यांस डिझेल लागते. पेट्रोलपंपावर जमिनीखालील टाकीत इंधन असते, परंतु ते वर आणणारा पंप विजेवर चालतो. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय झालेल्या माणसाच्या खिशात नाणे नसते. दूध नासू लागते. मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन शीतपेटीत असते. ती पेटीही बंद असते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाण्याचा प्रश्न सर्वांत बिकट होईल. मुंबईस दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरविले जाते. भातसेचे पाणी पिसे येथे पंपाने उचलावे लागते. वीज नसेल, तर ते थांबेल. तानसा व वैतरणा यांचे पाणी मात्र बहुतांशी उतारानेच भांडुपपर्यंत वाहत येते. विहार तलाव १८६० साली व तानसा १८९२ साली बांधला, तेव्हा मुंबईत विजेचे जाळे नव्हते. त्या काळच्या अभियंत्यांनी जमिनीच्या उताराचाच उपयोग करून घेतला. वेरावली, बोरिवली, घाटकोपर येथे टेकड्यांवर जलाशय बांधले आहेत, तेही पाणी आपल्या वजनाने वस्तीत उतरावे म्हणूनच. ते पाणी इमारतीच्या पायथ्याच्या टाकीपर्यंत येईल. पण गच्चीवरील टाकीत चढणार नाही. बैठ्या चाळीतील नळास थेंब येत असेल, त्याच वेळी उंच इमारतीतील नळ कोरडा असेल.

सांडपाण्याचेही असेच आहे. वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप अशा केंद्रांतून मैला पंपाने पुढे ढकलला जातो. पावसाळ्यात भरती असताना जुहूजवळील इर्ला येथील पंप रस्त्यांवरचे पाणी समुद्रात टाकतात. हे पंप दीर्घकाळ थांबले, तर घाण पाणी खालच्या वस्तीत साचेल व रोगराईस निमंत्रण मिळेल. आठवडाभराच्या खंडात अंधारापेक्षा तहान व रोग यांचेच भय अधिक असते.

घडलेले अनुभव

वरील चित्र केवळ कल्पनेचे आहे, असे कोणी समजू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्यात बुडालेल्या भागांत विजेचा धक्का बसून माणसे दगावू नयेत, म्हणून उपनगरांचा पुरवठा बंद करावा लागला. सखल वस्त्यांत तो पूर्ववत होण्यास अनेक दिवस लागले. त्या रात्री हजारो माणसे शाळांत, कचेऱ्यांत व रेल्वेस्थानकांत राहिली. वाटेवरील वस्त्यांतील लोकांनी अनोळखी वाटसरूंस घरात घेतले, चहा, बिस्किटे, पाणी दिले, दोर धरून रस्ता ओलांडण्यास मदत केली. देणाऱ्यांत चाळींत व झोपडपट्टीत राहणारे लोक पुष्कळ होते.

दुसरा अनुभव कोकणातील. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळे, मुरूड, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांत विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले व कित्येक गावे काही आठवडे अंधारात राहिली. नळयोजना थांबल्या, ज्या गावांनी जुन्या विहिरी राखल्या होत्या, त्यांस रहाट व पोहरा उपयोगी पडला. ज्यांनी विहिरी बुजविल्या होत्या, त्यांची तारांबळ उडाली. मोबाइल बंद झाल्याने मुंबईतील चाकरमान्यांस गावाकडची खबर कळेना. चूल, विहीर व ओटीवरील शेजारी यांच्या आधाराने गावे तगली. तरी छपरे उडालेल्या, बागा भुईसपाट झालेल्या त्या दिवसांचे वर्णन रम्य करून सांगणे योग्य होणार नाही.

परदेशांतही हेच दिसते. स्पेन व पोर्तुगाल या देशांत २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी वीज गेली. बहुतेक ठिकाणी ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आली, पण तेवढ्या वेळात गाड्या वाटेत थांबल्या आणि रोकड पैसा व बॅटरीवरील रेडिओ यांचे मोल लोकांस कळले. प्वेर्तो रिको या बेटावर सप्टेंबर २०१७ च्या वादळानंतर अखेरच्या घरांत वीज येण्यास जवळजवळ अकरा महिने लागले. आपल्या देशात ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भागांतील जाळी कोसळली, तेव्हा सुमारे साठ कोटी लोकवस्तीच्या प्रदेशास झळ लागली होती. महाराष्ट्र त्यातून वाचला.

निष्कर्ष : उतार, साठा आणि शेजार

या सर्व उदाहरणांची तुलना करून विद्यार्थ्यांकडून निष्कर्ष काढून घ्यावा. समाज ज्यांच्या आधाराने तग धरतो अशा तीन गोष्टी त्यांत आढळतात, त्या फळ्यावर ठळक लिहाव्यात.

पहिली गोष्ट उतार. विजेवाचून आपोआप चालणारी जी जी व्यवस्था आहे, ती संकटकाळीही चालते. उताराने येणारे पाणी, रहाटाची विहीर, सायकल, जिना, हातपंप, उजेडाची खिडकी ही त्याची उदाहरणे. नवी व्यवस्था आली म्हणून जुनी मोडून टाकण्यापूर्वी विचार करावा, हा यातील बोध होय.

दुसरी गोष्ट साठा. साठ्याचे मोजमाप तासांत करावे. रुग्णालयात डिझेल आहे, एवढे पुरेसे नाही. ते आठ तासांचे की अठ्ठेचाळीस तासांचे, हे ठाऊक हवे. जनित्र आहे, एवढेही पुरेसे नाही. ते मागील महिन्यात चालवून पाहिले होते काय, हा प्रश्न आहे. घरात पाणी, औषध, काडेपेटी, थोडी रोकड व कोरडा शिधा किती दिवसांचा आहे, हेही याच रीतीने मोजावे. पूर्वी घरोघर कंदील व रॉकेल असे. आता रॉकेल बहुतेक ठिकाणी मिळत नाही. तेव्हा आजी-आजोबांच्या काळी कसे चालत होते, एवढ्या स्मरणाने आजची सोय होत नाही.

तिसरी गोष्ट शेजार. चौदाव्या मजल्यावरील वृद्ध बाईस पाणी कोण नेऊन देईल, हे कोणत्याही वीजकंपनीस ठरविता येत नाही. ती तेथे एकटी राहते, हे शेजाऱ्यास ठाऊक असेल तरच पाणी पोचेल. उतार निसर्ग देतो, साठा पैशाने करता येतो. शेजार मात्र वीज असतानाच जोडावा लागतो.

उपयोजन

१. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील दहा कामे लिहावीत व प्रत्येकापुढे ते विजेवाचून होऊ शकते काय, कसे, याची नोंद करावी.

२. वर्गाने गावातील विहिरी व हातपंप यांचा नकाशा तयार करावा. कोणती विहीर वापरात आहे, कोणती बुजली, कोणत्या विहिरीचे पाणी पिण्यायोग्य आहे, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहावे. मुलांनी विहिरीच्या कठड्याजवळ एकटे जाऊ नये. सोबत शिक्षक किंवा पालक असावेत.

३. गावात एकटी राहणारी वृद्ध माणसे, अंथरुणास खिळलेले रुग्ण व गरोदर स्त्रिया यांची माहिती आशाताई व अंगणवाडीताई यांजकडे असते. त्यांस वर्गात बोलावून, संकटकाळी कोणाकडे प्रथम जावयाचे, हे त्या कसे ठरवितात, ते मुलांस ऐकवावे. व्यक्तींची नावे मात्र वर्गात उच्चारू नयेत.

४. प्राथमिक आरोग्य केंद्रास भेट देऊन लसींची शीतपेटी पाहावी व वीज गेल्यास लसी कशा राखतात, हे तेथील परिचारिकेकडून समजून घ्यावे.

५. शनिवारच्या एका सकाळी शाळा पूर्णपणे विजेवाचून चालवावी. घंटा हाताने वाजवावी, पाणी विहिरीचे किंवा हातपंपाचे घ्यावे, पाठ खिडकीच्या उजेडात घ्यावा. शाळेत सौर पट असतील, तर त्यांवर काय चालते व काय चालत नाही, हे त्या दिवशी पाहावे. बॅटरी नसलेले व जाळ्यास जोडलेले पट जाळ्यातील वीज जाताच बंद पडतात, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते.

शिक्षकांस दोन सूचना

पहिली सूचना अशी की, हा पाठ भीती घालण्यासाठी नाही. लहान मूल रात्री अंधारात घाबरते. त्यास जगबुडीचे चित्र दाखवून काही साधत नाही. प्रत्येक अडचणीपाठोपाठ ‘मग काय करता येईल?’ हा प्रश्न आलाच पाहिजे आणि त्याचे उत्तर मुलांच्या तोंडून आले पाहिजे. तुटलेल्या तारेस किंवा पडलेल्या खांबास कोणीही हात लावू नये व बंद खोलीत जनित्र किंवा कोळशाची शेगडी पेटवू नये, या दोन गोष्टी मात्र आज्ञेच्या स्वरात सांगाव्यात.

दुसरी सूचना अधिक नाजूक आहे. शहापूर तालुक्यातील एखादा विद्यार्थी विचारील की, तारा आमच्या पाड्यावरून जातात, धरण आमच्या तालुक्यात आहे, तरी उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर का येतो व आमची वीज वारंवार का जाते? हा प्रश्न दडपून टाकू नये. त्या भागातील गावांस उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते, ही खरी गोष्ट आहे. शिक्षकांनी ती मान्य करावी आणि त्या मुलास सांगावे की, अशा प्रश्नाची नोंद करून ठेवणे हाही अभ्यासच आहे. मुंबईतील मूल व पाड्यावरील मूल एकाच तारेच्या दोन टोकांशी उभी आहेत. शहरास एका सकाळी जे काही तास सोसावे लागले, ते गावाने अनेक उन्हाळे सोसले आहे. हे जाणणाऱ्या मुलास शहराविषयी मत्सर वाटणार नाही, आणि आपल्या गावाविषयी त्यास कमीपणाही वाटणार नाही.

या वर्गातील पुष्कळ मुले उद्या पोटापाण्यासाठी त्याच उपनगरांत जातील. कोणी लोकल चालवील, कोणी रुग्णालयात परिचारिका होईल, कोणी त्याच मनोऱ्यावर चढून तार जोडील. दिवे गेले असता शेजारच्या बंद दारावर थाप मारून ‘आजी, पाणी हवे काय?’ असे विचारण्याची सवय त्यांनी येथून बरोबर नेली, तर या दोन तासिका कारणी लागल्या असे समजावे.